रात्रीच गळणारी बोट

"लेम्पी, वाचव! बुडालो!" ड्यूई इंजिनखोलीतून बोंबलला.

"गुडघाभर पाण्यात कुणी बुडत नसतं. ऊठ, नौटंकी!" लेम्पीने शिडीवरून टॉर्च खाली रोखला. पाणी मोजायला उतरलेला तिचा मित्र ड्यूई शेवटच्या पायरीवरून सटकून चांगला चिंब भिजला होता. लेम्पीचा धाकटा भाऊ आर्वो पोट धरधरून हसत होता.

पण हसण्यासारखी वेळ नव्हती. 'ॲडेलिन' ही एकेकाळची, सरोवराकाठच्या बंदराची अग्निशामक बोट. लाकडाच्या वखारी पेटल्या, धान्याची कोठारं पेटली, की हीच धावायची. तिच्या पुढच्या टोकावरची पाण्याची तोफ चालवायचे लेम्पीचे आजोबा, एइनो. आता बोटीचं संग्रहालय झालं होतं आणि आजोबा पाहुण्यांना ती दाखवायचे. या उन्हाळ्यात तर नवीनच धमाल होती. धक्क्यावर फळ्यांचं घर उभं केलं होतं, त्यावर रंगवलेल्या ज्वाळा, आणि पोरांनी तोफेने त्या 'विझवायच्या'! रांग संपता संपायची नाही.

आणि नेमकं याच उन्हाळ्यात रोज सकाळी बोटीच्या तळाशी पाणी सापडायला लागलं. व्यवस्थापक हॅल्व्हर्सनकाकांनी लगेच जाहीर करून टाकलं, "तळ सडलाय. भंगारात काढा." आज बंदर समितीच्या ब्रॅडॉकबाई निर्णय द्यायला येणार होत्या. आजोबांनी सकाळी वेलदोड्याच्या पावाला हातसुद्धा लावला नव्हता.

"मला एक कळत नाही," ती म्हणाली, "काल दिवसभर आपण इथे होतो. एक थेंब वाढला नाही. सकाळी बघतो तर हे तळं! भोकं काय फक्त रात्री जागी होतात?"

"दिवसा झोपतात. माझ्या दादासारखी!" ड्यूई शिडी चढत वर आला आणि कुत्र्यासारखं अंग झाडलं.

"ईऽऽ! लांब हो!" आर्वो नाक दाबून ओरडला. "याला शाळेच्या पोहण्याच्या हौदाचा वास येतोय!"

लेम्पी एकदम थांबली. तिने ड्यूईची बाही ओढून हुंगली. पुन्हा हुंगली.

"ए बाई, मी काय फूल आहे का?"

"क्लोरीन! ड्यूई, हे क्लोरीन आहे! सरोवराच्या पाण्यात कुणी क्लोरीन घालतं का? हे सरोवराचं पाणी नाहीच. हे नळाचं पाणी आहे!"

तळ सडला असता तर आत सरोवर शिरलं असतं. नळाचं पाणी आलं कुठून?

मग काय, तिघं सुटलीच! धक्क्यावरच्या जाडजूड नळाला लावलेला रबरी होज, होजमधून बोटीचा पाइप, पाइपमधून तोफ. तोफेची मूठ घट्ट बंद होती. पण धक्क्यावरच्या नळाला आर्वोने कान लावला आणि तो किंचाळला, "आत सुरसुर वाजतंय! चावी पूर्ण पिळलेलीच नाही!"

"हॅल्व्हर्सनकाका!" ड्यूई म्हणाला. "ती चावी फिरवायला दोन्ही हात लागतात. काका एका हातात कायम कॉफी धरतात!"

"पण तोफ बंद आहे तर पाणी जातं कुठे?" लेम्पी पाइपवर हात ठेवून पुन्हा खाली उतरली. पाइपच्या सगळ्यात खालच्या वळणावर, आतलं पाणी काढून टाकायला, पितळेची एक छोटी फिरवायची चकती होती. ती उघडी होती. तिच्यातून पाण्याची धार गुपचूप तळात पडत होती.

ही चकती रोज संध्याकाळी कोण उघडतं, हे लेम्पीला ठाऊक होतं. सकाळच्या पहिल्या खेळाआधी कोण बंद करतं, तेही.

"गुपचूप बंद करू," ड्यूई हळूच म्हणाला. "सांगायचंच कशाला?"

"आणि हे पाणी कुठून आलं म्हणून सांगायचं? सगळे तळालाच दोष देतील, बोट जाईल." ती म्हणाली. "सांगावंच लागेल."

वर ब्रॅडॉकबाई येऊन ठेपल्या होत्या. हॅल्व्हर्सनकाका कॉफीचा मग नाचवत बोलत होते, "बघा बाई, चाळणी झालीय नुसती! एइनोला वाईट वाटेल, पण इलाज नाही."

आजोबा तोफेच्या मुठीवरून हात फिरवत होते.

"बाई, याचा वास घ्या ना!" लेम्पीने तळातल्या पाण्याचा पेला पुढे केला.

"अगं पोरी, हे काय भलतंच?" काका ओरडले. पण बाईंनी पेला हुंगला आणि त्यांच्या भुवया वर गेल्या. "हे तर आमच्या स्वयंपाकघरातलं पाणी!"

लेम्पीने भराभर सगळं सांगितलं. अर्धवट पिळलेली चावी सांगितली, तेव्हा काकांनी मग पाठीमागे लपवला. चकतीपाशी येऊन मात्र ती अडखळली. "आजोबा... ती चकती... तुम्ही..."

आजोबांचा हात आपोआप हवेत वळला, काहीतरी पिळल्यासारखा. त्यांनी आपल्याच हाताकडे पाहिलं.

"बाई, चूक माझी," ते म्हणाले. "इथल्या थंडीत पाइपमध्ये पाणी राहिलं की त्याचा बर्फ होतो आणि लोखंड फुटतं. तोफ बंद केली की पाइप रिकामा करायचा, हीच आमची शिस्त. जन्मभर तेच केलं. आता भर उन्हाळ्यात, जुलैत करतोय, हे डोक्यात आलंच नाही!"

ब्रॅडॉकबाई खो खो हसत सुटल्या. "एइनो, जुलैतसुद्धा जिची एवढी काळजी घेतली जाते, ती बोट मी भंगारात काढू? शक्य नाही! हॅल्व्हर्सन, कॉफी खाली ठेवा आणि चावी पिळा. दोन्ही हातांनी! आणि पोरांनो, शाब्बास! नाक असावं तर असं."

"नाक माझं होतं!" आर्वो ओरडला.

"वास माझा होता!" ड्यूई कशाला मागे राहतोय?

लेम्पी मात्र खाली मान घालून उभी होती. "आजोबा, रागावलात?"

"रागावू? सगळ्यांसमोर आपल्या माणसाची चूक सांगायला छाती लागते. तू सांगितलीस म्हणून माझी ॲडेलिन वाचली." आजोबांनी तिला जवळ ओढलं. त्यांचे डोळे भरून आले होते. "चल, खाली जाऊ. ती चकती आता तू बंद कर. मी नुसता बघतो."