हेंद्रेपाड्यात आलेली परदेशी कार्डं

पहिलं कार्ड आलं तेव्हा मी ओट्यावर केस वाळवत बसले होते.

"वरच्या डॉक्टरांचं हाय," जनू पोस्टमन म्हणाला. "खोलीला कुलूप. घ्या तुमीच."

मी घेतलं. फिनलंडचं तिकीट, खाली बाईची लफ्फेदार सही — हेलेना. आणि वर चक्क 'डिअर डॉक्टर चिंतामणी देवधर'.

डिअर!

चिंतामणी आमचे नवे भाडेकरू. सकाळी हेंद्रेपाड्याहून मुंबईला प्रयोगशाळेत जायचे, दिवेलागणीला परतायचे. पुढच्या कार्डांवर प्रागची एवा आली, कॅनडाची मार्गारेट आली. माझ्या आईला, माईला, इंग्रजी येत नव्हतं, पण सह्या बायकांच्या आहेत हे तिनं मला विचारून घेतलं. "बाई बाई, एका माणसाच्या किती त्या!"

संध्याकाळी कार्ड द्यायचं काम माझ्याकडे.

"वा! हेलसिंकी!" ते एकदम खुलले.

"फारच आनंद झाला वाटतं?"

"होणारच. इतक्या लांबून कुणीतरी आपल्याला विचारतं..."

"जवळचं कुणी विचारत नाही म्हणून?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं... किल्ली कुलपाऐवजी कडीत घालायला लागले. "जवळचे फक्त खोकल्याचं औषध विचारतात. मी आपला जंतूंचा डॉक्टर!"

मला हसू आलं. मग हसले म्हणून स्वतःचाच राग आला.

त्यात डोंबिवलीचं स्थळ. शरदचंद्र, बँकेत नोकरी, त्यांचा होकार आलेला. रविवारपर्यंत उत्तर द्यायचं, असं बाबांनी बजावलेलं. मुलगा चांगला होता हो! पण माझे कान सारखे जिन्याकडे. नाही म्हणावं, तर कुणाच्या भरवशावर? ज्याला देशोदेशीच्या बायका डिअर म्हणतात त्याच्या? आणि आणखी एक कोडं होतं — ती कार्डं छापील होती. नाव भरायला रिकाम्या जागा सोडलेल्या. प्रेमपत्र कधी छापतात का? माझं तर डोकंच चालेना.

गुरुवारी डॉक्टरांना जिन्यातच गाठलं.

"एक विचारू? ह्यांतली नक्की कोणती?"

"कोणती म्हणजे?"

"म्हणजे... तुमची."

आधी त्यांना काही कळेचना. मग पायरीवर बसून हसत सुटले. "अहो वृंदा, ह्यांनी मला पाहिलेलंही नाही! माझा लेख छापून आला, की ज्यांना प्रत हवी ते शास्त्रज्ञ असं कार्ड पाठवतात. रोज किती लिहिणार? म्हणून छापून ठेवतात. हेलेनाबाई साठीच्याही असतील!"

"आणि डिअर?"

"ते सगळ्यांनाच."

"लेख तरी कशावर?"

"आधी टीबीवर लिहायचो, आता कॅन्सरवर. टीबीची लस मूत्राशयाच्या कॅन्सरवर सोडली की शरीर खडबडून जागं होतं, त्या झटापटीत कॅन्सरलाही चोप बसतो. पण कुणाला गुण येतो, कुणाला नाही... का, ते मलाच कळत नाही."

"म्हणजे तुमचाही गोंधळच!"

"पूर्ण. आणि घरी आलं की दुसरा."

"तो कसला?"

"कार्ड देताना तुम्ही एवढ्या रागात का असता — हा."

त्यांनी खिशातून एक कोरं कार्ड काढून दाखवलं, दुसऱ्यांचे लेख मागवायला तेही अशीच पाठवायचे. मी ते परत दिलंच नाही.

शुक्रवारी रिकाम्या जागा मराठीतच भरल्या. 'प्रिय डॉक्टर, आपली एक प्रत मिळावी. — वृंदा.' तिकीट लावलं आणि धीर सुटायच्या आत पेटीत टाकलं.

शनिवारी जनूची हाक आली. वर नेहमीसारखं कुलूप. मी कणकेच्या हातांनी बाहेर धावले तोवर कार्ड माईच्या हातात! त्यांचं सगळं टपाल आमच्याकडेच येतं, हे मी कशी विसरले? आणि ह्या वेळचं कार्ड माईला वाचता येत होतं. तिनं ते दोनदा वाचलं आणि फडताळात ठेवून दिलं.

संध्याकाळी तिनंच हाक मारली. "या डॉक्टर. कार्ड आलंय. ह्या खेपेला परदेशातलं नाही."

बाबांनी पेपर खाली केला. मी स्वयंपाकघराच्या दाराआड. चिंतामणींनी वाचलं. त्यांचे कान लालेलाल.

"माई... प्रती तर संपल्या," ते चाचरले.

मी दाराला कान लावला.

"पण — लेखक शिल्लक आहे. तो चालेल का, विचारा त्यांना."

"चालेल!" मी दाराआडूनच ओरडले.

"हे काय चाललंय? मला कुणी सांगेल का?" बाबा म्हणाले.

"डोंबिवलीला नकार कळवा, मग सांगते," माई म्हणाली. "आणि डॉक्टर, त्या फिनलंडच्या बाईंना कळवा, आता डिअर-बिअर पुरे."

"आजच कळवतो," ते म्हणाले.