धरलेली जागा

सगळ्या पायऱ्यांवर बोटभर धूळ होती. आठवडाभर दगड कापायचं मशीन चालू होतं, त्यामुळे पेणच्या त्या खुल्या नाट्यगृहातला काळा दगड काळा राहिलाच नव्हता. फक्त सगळ्यात वरच्या पायरीवर, भिंतीलगत, एक गोणपाट चौघडी करून अंथरलं होतं आणि उडू नये म्हणून वर दगड ठेवला होता. गोणपाटावर धूळ नव्हती. मी हात फिरवून पाहिला. कणभरही नाही.

मी भित्री आहे, हे आधीच सांगून टाकते. कडी वाजली तरी दचकते. रोह्याला आमच्या घरी यावरून रोज थट्टा होते. पण इंजिनिअर झालेली मुलगी गोणपाटाला घाबरली असं व्हायला नको, म्हणून मी ते उचललं आणि राडारोड्याच्या ढिगावर भिरकावलं. चूक तिथंच झाली. बाकी त्या दिवशी मी जे जे केलं, ते बरोबरच केलं असं मला आजही वाटतं.

नाट्यगृह स्वातंत्र्यानंतर पाच-सहा वर्षांत लोकांनीच बांधलेलं. दिवसभर शेतात नाहीतर मिठागरात राबायचं आणि परतताना एकेक दगड आणून टाकायचा. माइक नव्हता. सगळ्यात वरच्या पायरीमागची अर्धगोल भिंत खाडीचा वारा अडवायची, म्हणून रंगमंचावरचा साधा आवाज शेवटच्या पायरीपर्यंत जायचा. आता नूतनीकरणात कंत्राटदार हैबतरावांना ती भिंत पाडून लोखंडी खांब आणि पत्रे हवे होते. कामावरची इंजिनिअर म्हणून मी अडून बसले होते.

"मॅडम, कोलाडला आमच्या पोरांच्या वरातीत जेवढे स्पीकर असतात ना, तेवढ्यात तुमची दहा नाटकं होतील," हैबतराव म्हणाले. "भिंत कशाला पायजे?"

"माइकशिवाय आवाज पोचतो म्हणून."

"मग दाखवा पोचवून. आमचा जनू गवंडी शेवटच्या पायरीवर उभा राहील. ओरडायचं नाय, बोलायचं. त्याला ऐकू गेलं तर भिंत राहील. नायतर उद्या सकाळी जेसीबी."

मी हो म्हटलं. माझं गणित पक्कं होतं.

दुपारचे चार वाजले होते. वारा पडलेला. जनू गवंडी वर जाऊन उभा राहिला. मी रंगमंचाच्या मधोमध आले आणि म्हणाले, "ऐकू येतंय का?"

जनूने कानाला हात लावला.

मी पुन्हा बोलले. मग जरा मोठ्यानं. माझा आवाज तोंडातून निघून पहिल्या पायरीवरच बसत होता, ओल्या कापडात गुंडाळल्यासारखा. जनूने नकारार्थी मान हलवली. हैबतराव हसले नाहीत, एवढं मात्र त्यांचं चांगुलपण. "चला, चहा घेऊ," म्हणाले, आणि जनूला हाक मारून फाटकाकडे निघाले.

फाटकातच हौसाबाईची चहाची टपरी. तिनं माझ्याकडे, मग वरच्या पायरीकडे बघितलं आणि कपात चहा ओतता ओतता थांबली.

"वर गोणपाट व्हतं, ता कुठं हाय?"

"ते... मी टाकलं."

"धरलेली जागा उठवलीस? शिकलेली ना गो तू?"

"कुणाची जागा?"

"नाटक असला का आमी बाया सकाळीच गोणपाट टाकून जायचो. मिठागरावरच्या बाया उशिरा येयाच्या, त्यांची जागा शेजारणी धरायच्या. कोण कुणाची उठवत नसे. ती जागा धोंडुबाईची. नट घाबरायचे तिला. शब्द पोचला नाय का वरनं वरडायची, 'मी काय तोंड हलताना बघाया चालत आले?'"

"कुठं असतात त्या?"

"चाळीस वरसां झाली तिला जाऊन."

"मग तुम्ही धरता का तिची जागा?"

"माझे गुडघे बघ. टपरीची पायरी चढवत नाय मला." तिनं स्टोव्ह बारीक केला. आवाजही. "कोण धरता ता मी इचारत नाय. तू पन इचारू नको. जा, ठेव परत."

मी गेले. ढिगातून गोणपाट ओढून काढलं, झटकलं, वर नेऊन होतं तसं अंथरलं आणि दगड ठेवला. "चुकलं माझं," असं हळूच म्हणालेही. खारट चिखलाचा वास आला... खाडी तिथून दोन मैल लांब आहे.

खाली रंगमंचावर आले तेव्हा हैबतराव आणि जनू चहाचे कप घेऊन परतत होते. ते पहिल्या पायरीपाशी पोचले. मी दोघांनाही नीट पाहून घेतलं. वर कोणी नव्हतं.

"अजून एकदा," मी म्हणाले.

"अवो, वर जाऊदे तरी जनूला," हैबतराव म्हणाले.

"नको."

मी समोर बघितलं. शब्द सुटा आणि स्वच्छ निघाला. मुद्दाम घरात बोलतात तेवढ्याच आवाजात म्हणाले, "ऐकू येतंय का?"

भिंतीवरचा कावळा उडाला.

"ऐकू येतंय का... कुणाला?"

जनूच्या हातातला कप कलंडला. हैबतरावांची मान सावकाश वर वळली. सगळ्यात वरच्या पायरीवरून, अगदी शांतपणे, एका बाईचा आवाज खाली आला.

"तुझा येतंय गो पोरी, चांगला येतंय. तुझ्या मागं तोंड हलवत उभी हाय ना... तिचा नाय येत."