सरळ फळी

थोरलीचं लग्न झालं, त्या वर्षीची ही गोष्ट. घरात उरले बाबा आणि धाकटी. महिन्याभरातच बाबा स्टुलावरून पडले. औषधाचा डबा कपाटावर आणि गुडघे दुखरे, मग दुसरं काय होणार? आत्याने तिथल्या तिथे सांगून टाकलं, "औषध घ्यायला जिथं स्टुलावर चढावं लागतं, तिथं मी माझ्या भावाला ठेवणार नाही. रविवारी येते न्यायला."

बाबांना घर सोडायचं नव्हतं. हाताला येईल अशी फळी लावायची, असं धाकटीने ठरवलं. खिळा धरला, हातोडा हाणला... आणि भिंतीचा तळहाताएवढा पोपडा तिच्याच डोक्यावर आला.

तशीच ती कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात शिरली.

"मोठे खिळे द्या."

तरुण दुकानदाराने मान वर केली. तिच्या केसांत चुना, भुवईवर चुना. तो हसला नाही — पण त्यासाठी त्याला बरेच कष्ट पडले.

"भिंतीशी भांडण झालं वाटतं?"

"खिळे विकायचेत की चौकशी करायचीय?"

"खिळे नाहीच विकणार. भोक पाडायचं, त्यात प्लास्टिकची गिट्टी ठोकायची, मग स्क्रू पिळायचा. ड्रिल देतो... पण शिकवायला यावं लागेल."

संध्याकाळी तो आला. ड्रिल तिच्या हातात देऊन स्वतः मागे उभा राहिला.

"तुम्हीच पाडा ना."

"मग फळी माझी होईल. दाबू नका, नुसतं टेका... हं, आता!"

घरघर झाली. विटेची लाल भुकटी तिच्या मनगटावर सांडली. त्याने फुंकर मारली ती भोकावर. शहारली मात्र ती.

फळी बसली. तिच्यावर त्याने पाणसळ ठेवली. काचेतला बुडबुडा दोन रेघांच्या बरोबर मध्ये थांबला. दोघं बराच वेळ त्याच्याकडेच बघत राहिले — डोक्याला डोकं लागेल इतक्या जवळून.

मग तो पोपड्याचा खड्डा बुजवायला आला. मग बुजवलेली जागा घासायला. रविवारी रंगाचा ब्रश घेऊन आला, तर आत्या दारात उभी.

"तिरकी आहे फळी! डबा घसरून याच्या डोक्यात पडेल."

धाकटीचा चेहरा उतरला. खिडकीच्या चौकटीशेजारी फळी खरंच कललेली दिसत होती.

"काका, एक गोळी द्या," दुकानदार म्हणाला. वाटाण्याएवढी गोल गोळी त्याने फळीवर ठेवली. हलली नाही. मग जमिनीवर ठेवली. गोळी गडगडत निघाली ती थेट आत्याच्या पायाशी थांबली.

"फळी सरळ आहे. घर तिरकं आहे."

बाबा खदखदून हसले. "तरीच पडलेली प्रत्येक वस्तू दारात सापडते!"

आत्याने दोन्ही हातांनी फळी ओढून पाहिली. जागची हलेना.

"आणि हा कोण?"

"दुकानदार," धाकटी पुटपुटली.

"एका फळीसाठी चारदा येतो?" बाबांनी विचारलं.

त्याचे कान लाल झाले. "फळीसाठी एकदाच आलो होतो, काका. बाकी..." तो तिच्याकडे वळला. "पुन्हा येऊ का?"

तिने त्याच्या हातातला ब्रश घेतला. "खिडकी रंगवायची राहिलीय," ती म्हणाली. "मग दार. मग... अख्खं घरच आहे."

आत्या गेली ती भावाला न घेता. जाताना स्टूल तेवढं उचलून नेलं.

पुढच्या वर्षी दोघांचं लग्न झालं. बाबा त्यानंतर नऊ वर्षं त्याच घरात राहिले आणि औषध रोज आपल्या हाताने घेत राहिले. धाकटीची मुलगी पहिलीत गेली, त्या आठवड्यात एके दिवशी सकाळी सातला बाबा वारले.