मरहूम तन्वीरची राखाडी अक्षरं

तन्वीर झीनतला पहिल्यांदा भेटला तेव्हा तो मेलेला होता… निदान तिचा तरी तसा प्रामाणिक समज होता.

भेट झाली ती एका कोड एडिटरमध्ये, म्हणजे प्रोग्रॅम लिहायच्या सॉफ्टवेअरमध्ये. हा एडिटर कुणाच्या मालकीचा नाही. ज्याला हवं त्यानं आपलं प्लगिन, म्हणजे छोटा जोड-प्रोग्रॅम, लिहावं आणि जोडावं. जुळे सोलापुरातल्या घरी बसून झीनत एका ॲपची मराठी मदत-पानं लिहायची आणि तिला पुढचे शब्द सुचवणारं प्लगिन हवं होतं. शोधून शोधून एकच सापडलं. नाव ‘सोबत’, लेखक तन्वीर, शेवटची दुरुस्ती तीन वर्षांपूर्वीची. वापरणारं कुणीच दिसत नव्हतं. लुआ या संगणकाच्या भाषेतल्या त्या कोडमध्ये जागोजागी शेरे मारलेले होते – ‘हितं हात लावू नका. हे कसं चालतंय मलाच म्हायत न्हाय.’ झीनत एकटीच खुदकन हसली. आपल्याकडचाच की हा! मग ती शेवटच्या ओळीवर आली. ‘लई दमलो. आता पुढचं कुणीतरी बघा.’

तिचं हसू तिथंच थांबलं.

अशा पोरक्या प्लगिनसाठी एडिटरवाल्यांचा, म्हणजे तो सांभाळणाऱ्या हौशी मंडळींचा, एक रिवाज आहे. जाहीर नोटीस लावायची. तीस दिवसांत मूळ लेखक बोलला नाही, तर प्लगिन मागणाऱ्याचं. झीनतनं नोटीस लावली. तिच्या अम्मीनं, अनवरीनं, सगळं ऐकून घेतलं आणि मेलेल्या माणसाची वस्तू अशी कोरडी वापरायची नसते, असा निकाल दिला. त्या गुरुवारी तन्वीरच्या नावानं फातिहा झाली, मलिदा शेजारच्या चार फ्लॅटांत गेला, आणि कोण वारलं म्हणून विचारणाऱ्यांना ‘पोरीच्या ऑफिसातला होता’ असं सांगण्यात आलं. झीनतनं आपल्या प्रतीतलं मोडलेलं दुरुस्त केलं आणि तिच्या माहितीपानावर, गेलेल्या माणसाला म्हणतात तसं अदबीनं लिहिलं – मूळ लेखक मरहूम तन्वीर.

त्यानंतर मरहूम बोलायला लागला.

कर्सरच्या पुढं राखाडी अक्षरं उमटायची. टॅबचं बटण दाबलं की ती काळी होऊन वाक्यात बसायची. झीनत लिहायची ‘वापरकर्त्यांनी’, आणि अक्षरं म्हणायची ‘शेणखत घालावे’. ती लिहायची ‘कंटाळा’, तर उमटायचं ‘आला, चहा घेऊ’. ती उठून घ्यायची. एका दुपारी लख्ख उन्हात तिनं नुसतं ‘बाहेर’ लिहिलं. पुढं हळूच उमटलं… ‘गारा’. दोन तासांनी गॅलरीच्या पत्र्यावर ताडताड गारा आल्या. झीनतच्या अंगावर काटा उभा राहिला. शहाण्या मुलीनं लॅपटॉप बंद केला असता. झीनतनं केस विंचरले आणि पुन्हा त्याच्यासमोर जाऊन बसली. मग धीर करून तिनं लिहिलं – ‘तुम्ही’.

‘कोण?’ अक्षरं म्हणाली.

पंचविसाव्या दिवशी नोटिशीखाली एक ओळ आली. ‘मी मेलेलो नाही. कृपया दुरुस्ती करावी.’

एडिटरवाले नियमाला पक्के. लिहिणाऱ्याच्या जुन्या ईमेलवरून काही दुजोरा मिळेना, म्हणून त्यांनी ही तक्रार ‘पुरावा अपुरा’ असा शेरा मारून बंद केली आणि दोघंही सोलापूरकडची दिसताहेत, तर झीनतनंच भेटून खात्री करावी, असं सुचवलं.

नवी पेठेतल्या एका चहाच्या हॉटेलात ती पोचली, तर कोपऱ्यातल्या टेबलाशी एक उंच, रापलेला तरुण बसला होता. शर्टावर केळीच्या चिकाचे डाग. झीनतनं आधी वाकून टेबलाखाली बघितलं.

“सरळच आहेत पाय,” तो म्हणाला. “सकाळी मीपण बघून घेतले.”

“नाडी बघावी लागेल.”

“असा नियम आहे?”

“माझा आहे…”

त्यानं मनगट पुढं केलं. तिनं मोजायला सुरुवात केली, तो तिच्याकडे बघत राहिला, आणि तिचा आकडा चुकला. परत मोजलं. परत चुकला.

मग त्यानं सगळं सांगितलं. कंपनी सोडून तो उजनी धरणाच्या काठी मामाच्या केळीच्या बागेत गेला होता. जुना ईमेल कंपनीबरोबरच गेला. बागेची रोजची नोंद मात्र तो त्याच एडिटरमध्ये लिहायचा. प्लगिन लिहिताना त्यानं सगळ्या वापरणाऱ्यांसाठी इंटरनेटवर शब्दांची एकच सामायिक यादी ठेवली होती आणि ती सोय काढायची विसरला होता. त्याचे शब्द हिच्याकडे यायचे, हिचे त्याच्याकडे. त्या दिवशी गारा आधी त्याच्या बागेवर पडल्या होत्या.

“मी ‘केळीचं मूळ’ लिहिलं की पुढं यायचं – लेखक मरहूम तन्वीर,” तो म्हणाला. “चार दिवस धरणाच्या पाण्यात उतरलो नाही मी.”

झीनत हसली, पण मनात दिवस मोजू लागली. प्लगिन त्याला परत नकोच होतं, आणि उद्या तीस दिवस भरणार. प्लगिन तिचं झालं, की ही गळती बंद करणं आलंच. नाहीतर उद्या तिसरं कुणी आलं तर त्याच्या घरातलं सगळं या दोघांच्या स्क्रीनवर. एक ओळ पुसायची, बस्स. आणि मग ‘चहा घेऊ’ म्हणणारं कुणी नाही. मेलेल्या तन्वीरची तिला सवय झाली होती. जिवंत माणसाचं काय करतात, ते तिला ठाऊक नव्हतं.

“पुसा ती ओळ,” तो हळूच म्हणाला. “त्यातनं जे बोलायचो, ते… तोंडानं बोलेन.”

“काय बोलाल?”

“रोज विचारीन, चहा घेतला का.”

“किती दिवस?”

“मरहूम होईपर्यंत.”

झीनतनं खाली मान घालून लॅपटॉप उघडला. ओळ पुसली. शब्दांची यादी रिकामी केली. इंटरनेटही बंद केलं. मग कोरं पान उघडून, सगळं नीट थांबलंय ना हे बघायला, एकच शब्द लिहिला – ‘मी’.

कर्सर लुकलुकत राहिला. एकदा, दोनदा…

मग त्याच्यापुढं राखाडी अक्षरं उमटली. ‘हो म्हणते’.

तिनं मान वर केली. तन्वीरचे दोन्ही हात चहाच्या पेल्याभोवती होते आणि चेहरा पांढराफटक पडला होता.

“मी काही केलेलं नाही,” तो म्हणाला.

“ठाऊक आहे,” झीनत म्हणाली, आणि तिनं टॅब दाबलं.