सौंदडच्या मंडईतलं गलबत

गलबत मुंबईवरून धड गेलं असतं, तर चैतरामच्या पदरात काय पडणार होतं? पाटलाकडून एक नारळ, गावाच्या टाळ्या आणि प्रेमिलाची एक नजर. नारळ नि टाळ्या तर त्यानं कुणालाही देऊन टाकल्या असत्या!

पंचावन्न सालच्या दिवाळीनंतरची गोष्ट. सौंदडच्या मंडईच्या जत्रेत, दंडारीच्या भर दुपारच्या नाटकात, चैतराम समुद्र आणणार होता. बैलबंडी म्हणजे गलबत; ते जागीच उभं. मागून बांबूच्या तट्ट्यावर रंगवलेली मुंबई दोघांनी दोरीनं ओढत न्यायची. समुद्र गावात कुणीच पाहिला नव्हता, म्हणून चुका काढायलाही कुणी नव्हतं. अडलं ते शिडापाशी... धोतरं आखूड पडली.

प्रेमिलानं विहिरीवर आपलं नवंकोरं पोपटी लुगडं त्याच्या हातात कोंबलं.

"काठ आत दुमडजो गा. बाबा पुढंच बसतील. तिरोड्याचे पाहुणे येऊन राहिले, मले पाहायले."

"मंग कायले देऊन राहिली?"

"तुझं गलबत बुडालं नाही पायजे म्हणून..." ती पदराआड हसली.

मुंबई हलली. माड्या, दिवे, घड्याळाचा मनोरा – सारं डुगडुगत निघालं. नाखवा झालेल्या चैतरामनं बायकांच्या घोळक्यात प्रेमिलाला हेरलं. तिनं पाहावं म्हणून शिडाचा दोर उगाच जोरात ओढला. शीड फुगलं... आणि दुमडलेला पिवळा काठ सर्रकन उलगडला.

"अवो बाई!" जमुनाकाकू ओरडली. "हे तं आपल्या प्रेमिलाचं लुगडं!"

मंडई खदखदली. प्रेमिलाचे वडील सुखराम यांची मान खाली गेली. पाहुणे एकमेकांकडे पाहू लागले. प्रेमिलाच्या कानाच्या पाळ्या लाजेनं पेटल्या.

"चोरलं जी मीनं!" चैतराम बंडीवरून ओरडला. "वाळत होतं. तिले काही ठाव नाही!"

लोकांनी त्याला खाली ओढलं, वहाणा काढल्या. पाहुण्यांचे चेहरे सैल झाले – पोरगी निर्दोष! प्रेमिलानं फक्त गप्प राहायचं होतं. ती राहिलीही... वहाण पाठीवर बसल्याचा आवाज आला, पुन्हा आला. मघाची लाज लोकांची होती. आता तिला स्वतःचीच वाटू लागली. अडवणाऱ्या काकूचा हात झटकून ती उठली.

"नोका मारू जी! मीनंच देलं."

उगारलेल्या वहाणा खाली आल्या.

"काऊन बोलली?" चैतराम धुळीतून पुटपुटला. "सोयरीक गेली ना तुझी!"

"जाऊ दे. तू... लागलं का?"

पाहुणे उठले. सुखराम हात जोडून त्यांच्या बंडीमागं वेशीपर्यंत चालत गेले. पाहुण्यांनी वळूनही पाहिलं नाही. परतताना सुखराम चैतरामपाशी थांबले.

"ऊठ गा चोट्ट्या. घरी चाल. पाहुण्यांसाठी रांधलेलं कोणी तं खायले पायजे."

दोघं त्यांच्या मागं निघाली. मान वर करायची हिंमत एकालाही नव्हती.

पाठ सुजली चैतरामची, नाव गेलं प्रेमिलाचं. पण त्या दोघांना एकमेकं मिळाली. किंमत भरली ती सुखराम यांनी – आणि त्यांना बदल्यात काहीच मिळालं नाही.