बारा अक्षरांचा तुकडा

फिल्मवर काळे ठिपके उमटले होते, पण भलत्याच जागी.

डॉ. प्रेमिला गजभिये प्रयोगशाळेतल्या खुर्चीत बसल्या. मार्च १९८४. काटोलजवळच्या रोपवाटिकेतल्या संत्र्याच्या मातृवृक्षात रोगाचा आरएनए आहे का, हे त्यांना तीनपर्यंत कळवायचं होतं. "नाही" म्हटलं की त्याच झाडाचे डोळे, म्हणजे फांदीवरच्या कळ्या, भरलेली चाळीस हजार कलमं उद्या गावोगाव जाणार होती.

"रोगाचे ठिपके नाहीत ना? मग झालं!" सहकारी गणपतराव उमाळे दारातून म्हणाले. त्यांच्या कोटाला नेहमीसारखा आंबलेल्या यीस्टचा वास होता. वर्षभरापूर्वी झाड निरोगी असल्याचा दाखला त्यांनीच दिला होता.

"रोगाचे नाहीत. पण संत्र्याचेही नाहीत."

प्रेमिलांनी नमुन्यावर टी-वन नावाचं विकर घातलं होतं. ते आरएनएची साखळी प्रत्येक 'जी' अक्षरानंतर तोडतं; फिल्मवरचा एकेक ठिपका म्हणजे असा एकेक तुकडा. त्या तुकड्यांची अक्षरं वाचून आता त्या निरनिराळ्या सजीवांच्या आरएनएंचे अनुक्रम छापलेला जाडजूड संग्रह चाळत होत्या.

कोणीतरी नमुन्याची नळी बदलली होती; सोमवारी ती फ्रीजमध्ये होती. फ्रीजच्या किल्ल्या तिघांकडेच: त्या स्वतः, गणपतराव आणि काचसामान धुणाऱ्या यमुताई.

"यमुताई, सोमवारी फ्रीज कोणी उघडला?"

काचा धुणारे यमुताईंचे हात थांबले. "मीच जी. नळ्या ठेवाले."

"काही सांडलं?"

"नाही! मी काहून लपवीन?"

"सांडलं असेल," गणपतराव मध्येच म्हणाले. "अन् घाबरून फ्रीजमधल्या बाटलीतलं भरलं असेल."

यमुताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "बारा वर्सं झाली मले इथं, साहेब."

प्रेमिलांनी फ्रीज उघडला. आरएनएची एकच बाटली. चिठ्ठीवर लिहिलं होतं: ई. कोलाय. आतड्यातला जीवाणू. त्या टेबलाशी परतल्या, संग्रहाची दोन पानं शेजारी शेजारी धरली आणि एकेक अक्षर ताडून पाहिलं.

मग यमुताईंना बाहेर थांबायला सांगून त्यांनी दार लावून घेतलं.

"गणपतराव, हा तुकडा बघा. बारा अक्षरं. मधोमध 'जी' आहे, तरी विकरानं तिथं तोडलं नाही. का?"

"त्या 'जी'त रासायनिक बदल असेल."

"बरोबर. संत्र्याच्या रोगाच्या आरएनएत असे बदल नसतात. कोलायच्या याच आरएनएत त्या जागी साधा 'जी' आहे. तिथं तुकडा पडलाच असता. म्हणजे फ्रीजमधली बाटली नाही, यमुताई नाहीत. हा बारा अक्षरी तुकडा जसाच्या तसा मिळतो तो यीस्टमध्ये. आणि शुद्ध केलेला यीस्टचा आरएनए या इमारतीत फक्त तुमच्या कपाटात आहे."

गणपतराव संग्रहाचं पान पुन्हा वाचू लागले.

"रोगाचे ठिपके दिसले नाहीत की मी 'निरोगी' लिहून मोकळी होईन, असं वाटलं तुम्हाला. पण झाड खरंच निरोगी असतं, तर नळी बदलायची गरज काय होती?"

"गेल्या महिन्यात मी पुन्हा तपासलं," ते हळूच म्हणाले. "रोग आहे. दाखला चुकला होता माझा. सांगायची हिंमत झाली नाही."

"आणि यमुताईंचं नाव घ्यायची झाली?"



प्रेमिलांनी रोपवाटिकेला फोन लावला. "कलमं थांबवा."

पलीकडून ओरडून उत्तर आलं. प्रेमिलांनी फोन ठेवला. "एक गाडी आजच सोडली म्हणतात. उमरेड रस्त्यानं."

गणपतरावांनी स्कूटरची किल्ली उचलली. दार उघडलं तर यमुताई उभ्या होत्या; फोनवरचं त्यांनी ऐकलं होतं. ते थांबले.

"यमुताई, नळी मी बदलली होती. वापस आलो की सगळ्यांसमोर सांगतो."

"पयले गाडी अडवा साहेब," यमुताई बाजूला होत म्हणाल्या. "लोकं झाडं लावून राहिले असतील."