सातव्या पायरीचं ड्रॉइंग

पायरी पहिली : जे आहे ते बघून घेणे

लोकांना जिने काढून देणाऱ्या त्या ऑफिसचा स्वतःचा जिनाच चुकलेला होता. सातवी पायरी बाकीच्यांपेक्षा दोन बोटं उंच. रोजच्या माणसांचे पाय तिथे आपोआप जास्त उचलले जायचे. नवखा मात्र हमखास ठेचकाळायचा.

सोमवारी सकाळी ती उतरत होती आणि एक नवखा चढत होता. काखेत लॅपटॉप, नजर वर, तिच्याकडे... आणि सातवी आली. तिने चटकन दोन्ही हात पुढे केले आणि लॅपटॉप अलगद झेलला. माणूस गुडघ्यावर आपटला.

"मला धरायचं होतंत," तो गुडघा चोळत म्हणाला.

"तुम्ही मजबूत दिसलात. हा बिचारा नाजूक दिसला."

ऑफिस तिच्या आत्याचं. सगळं काम कॉम्प्युटरवर होत असूनही हिच्या अंबाड्यात कायम एक पेन्सिल खोचलेली, म्हणून आत्याने तिचं नाव पेन्सिल ठेवलं होतं. तो आला होता ड्रॉइंगचं जुनं सॉफ्टवेअर काढून नवं बसवायला. पहिल्याच चहाला त्याचंही बारसं झालं : अपग्रेडवाला.

आत्याची अट सरळ होती. चौदा वर्षांची ड्रॉइंग नव्यात जशीच्या तशी उघडली पाहिजेत, रेघ इकडची तिकडे झाली तर जुनंच बरं. तपासणार पेन्सिल, सही करणार पेन्सिल. मुदत बारा दिवस. सही झाली की अपग्रेडवाला दुसऱ्या गावी, दुसऱ्या ऑफिसात.

पायरी दुसरी : यादी

ड्रॉइंगमध्ये एकावर एक पारदर्शक कागद ठेवावेत तसे लेयर असतात. भिंतींचा एक, कठड्याचा एक, मापांचा एक. अपग्रेडवाल्याला सगळ्यांची यादी हवी होती. कुठला लेयर कागदावर छापायचा, कुठला नाही, ते त्या यादीवरून ठरणार. जो यादीत नसेल त्याला नवं सॉफ्टवेअर आपल्या मर्जीने वागवेल, हे त्याने तिला दोनदा बजावलं.

तिने बासष्ट लेयर दिले. त्रेसष्टावा दिला नाही.

त्रेसष्टाव्याचं नाव 'किरकोळ'. तो पडद्यावर दिसायचा, कागदावर उमटायचा नाही. कित्येक वर्षं ती त्यावर काय वाटेल ते लिहीत आली होती. इथे पुन्हा मोजणे. गिऱ्हाईक भांडकुदळ. आत्या आज फुरंगटली आहे. आणि सोमवारपासून... सोमवारपासून त्यावर एकच विषय चालला होता. तो त्याच विषयाच्या हातात कसा द्यायचा?

"बासष्टच?" त्याने विचारलं.

"बासष्टच."

"नक्की?"

"खानेसुमारीला आलात का तुम्ही?"

तो हसला. ती पडद्यात तोंड खुपसून बसली.

पायरी तिसरी आणि चौथी, एकाच ढांगेत

बुधवारपर्यंत सगळी ड्रॉइंग नव्यात गेली. पेन्सिल डोळ्यांत तेल घालून तपासायला बसली. चुका सापडत होत्या. मग सापडेनाशा झाल्या. मग ती त्या शोधून काढायला लागली. दोषांच्या वहीत दोघांची अक्षरं आळीपाळीने दिसतात :

*दोष ११. कठड्याची रेघ केसभर जाड वाटते.*

*मोजली. होती तेवढीच आहे.*

*दोष १२. तरी वाटते.*

*उद्या येऊन पुन्हा मोजतो.*

*दोष १३. उद्या उशिरा येऊ नये.*

जुनं सॉफ्टवेअर त्याने कोपऱ्यातल्या एका मशीनवर तसंच ठेवलं होतं. काही बिनसलंच तर मागे फिरता यावं म्हणून. परतीची सोय ठेवल्याशिवाय मी कुठेच पुढे जात नाही, असं तो म्हणाला.

"कुठेच?"

त्याने चष्मा काढून पुसला. पुसलेलाच पुन्हा पुसला.

"आजवर तरी..."

पायरी पाचवी : छपाई

दुसऱ्या आठवड्यातला गुरुवार, दुपार. चाळीस ड्रॉइंग नव्यातून छापून जुन्या कागदांशी ताडून बघायची. प्लॉटर घरघरला. पहिला कागद गरम गरम बाहेर आला तो आत्याने उचलला, चष्मा नाकावर ओढला आणि मोठ्याने वाचला.

"अपग्रेडवाल्याच्या कॉलरचं बटण रोज चुकतं. सांगू का? नको. सांगितलं तर उद्यापासून नीट लावेल."

यादीत नसलेला लेयर नव्या सॉफ्टवेअरने आपल्या मर्जीने वागवला होता. छापला होता.

पेन्सिल प्लॉटरकडे धावली, पण तोवर दुसरा कागद आला, तिसरा आला. हसताना त्याचा डावा कान हलतो. आज निळा शर्ट, आज काम होणार नाही. अपग्रेडवाल्याचा हात कॉलरकडे गेला, बटण चाचपलं... आणि ते तसंच ठेवून खाली आला.

जिन्याच्या रेघा अगदी बरोबर आहेत, मजकूर तेवढा जास्तीचा आहे, असा निकाल आत्याने दिला आणि हा दोष कुणाचा म्हणून विचारलं.

"माझा," दोघं एकदम म्हणाली.

मी यादीत लिहिला नाही, असं ती पुटपुटली. मीच तिसऱ्यांदा विचारायला हवं होतं, असं तो म्हणाला. शेवटचा कागद त्याच्या हातात होता. त्यावर एवढंच होतं : सही केली की हा जाणार.



पायरी सहावी : दुरुस्ती

शुक्रवारी तिने, त्याच्याकडे न बघता, तो लेयर पुसून टाकायला सांगितलं.

"मी जुनं काही पुसत नाही," तो म्हणाला. "यादीत घेतलाय. त्रेसष्टावा. पडद्यावर राहील, कागदावर येणार नाही."

चाळीस कागद पुन्हा छापले. स्वच्छ. आता एकही दोष उरला नव्हता, शोधूनसुद्धा. आत्याने सहीचा कागद पुढे सरकवला. पेन्सिल म्हणाली, एकच राहिलंय, आणि तिने नव्या पडद्यावर ऑफिसच्या स्वतःच्या जिन्याचं ड्रॉइंग उघडलं. 'किरकोळ' चालू केला.

सातव्या पायरीशी बारीक अक्षरात एक ओळ होती. तिने न लिहिलेली.

*इथे एक लॅपटॉप वाचला. माणूस वाचला नाही.*

"याची... दोषात नोंद करायची?" तो मागून म्हणाला.

"अर्धवट वाटतंय," ती म्हणाली. आवाज तिचाच होता, फक्त जरा पातळ झाला होता. "पुढचं कुठे आहे?"

"पुढचं लिहिण्यातलं नाही. तोंडानेच सांगायचं होतं." तो थांबला. "तू मला आवडतेस. आणि याला मी परतीची सोय ठेवलेली नाही."

तिने अंबाड्यातली पेन्सिल उपसली. केस खांद्यावर घसरले. तिने सही ठोकली.

"पेन्सिलीची सही चालत नाही," पलीकडच्या टेबलावरून, मान वर न करता, आत्या म्हणाली. "शाईने कर. आणि खाली लिही, कोपऱ्यातलं जुनं मशीन कुणीतरी दर शनिवारी येऊन बघून जाणं आवश्यक. महिनाभर."

"महिनाभरच?" अपग्रेडवाल्याने विचारलं.

"मशीन फार जुनं आहे," आत्या म्हणाली. "वर्षभर लिही गं."

पायरी सातवी

शनिवारी तो जिना चढत आला. बटण चुकलेलंच. वर ती दोन्ही हात पुढे करून उभी. चार, पाच, सहा... आणि सातवीवर त्याचा पाय आपोआप उचलला गेला. रोजच्या माणसासारखा.

"यावेळी धरणार होते मी," ती हिरमुसून म्हणाली.

त्याने लॅपटॉप जपून कडेला ठेवला. न वळताच एक पायरी मागे, सहावीवर उतरला. आणि मग, नीट मोजूनमापून, ठेचकाळला.